संख्येचे दर्शन आणि संख्येचे वाचन

शनिशिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२ हा रचनाकाळ अंकांत नव्हे, तर शब्दांत दिलेला आहे. मूल्य एक आणि त्याचे लेखन निराळे, हा विवेक मराठीस नवा नाही. संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याच्या भाषांत तो कितपत पाळला जातो, हे येथे पाहावयाचे आहे.

जावास्क्रिप्ट या भाषेत संख्या दाखविण्याची स्वतंत्र सोय आहे. 'मराठी, भारत' अशी खूण दिली की एक कोटीवरील संख्या १,२३,४५,६७८ अशी उमटते. हिंदीची खूण दिल्यास गट तेच राहतात, पण अंक आंतरराष्ट्रीय रूपाचे येतात. संघराज्याच्या कामकाजासाठी राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने हेच रूप सांगितले. मराठी ग्रंथव्यवहारात मात्र देवनागरी अंक टिकून राहिले. ज्या युनिकोड संग्रहातून ही माहिती येते, त्याने हा भेद ओळखला, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. पायथनमधील स्वल्पविरामाची साधी सोय तीन-तीन स्थानांचेच गट पाडते. लाख-कोटीत मोजणारा तेथे अडखळतो.

परंतु खरा दोष पुढेच आहे. समजा, शिंगणापूरच्या एखाद्या भाविकाने देणगीची रक्कम मराठी कळफलकावरून '५०१' अशी टंकित केली. जावास्क्रिप्टचे संख्यारूपांतर तिला 'संख्या नव्हे' असे उत्तर देते! जे अंक ही भाषा स्वतः लिहिते, तेच तिला वाचता येत नाहीत. दर्शनरूप हे परत वाचण्यासाठी नसतेच, आणि स्वल्पविराम असलेली इंग्रजी संख्याही नाकारली जाते, असा प्रतिवाद होईल. तो आम्हांस पटत नाही. स्वल्पविराम ही सोय आहे. अंक ही लिपी आहे. शिवाय पायथन '५०१' बिनतक्रार वाचते, कारण प्रत्येक देवनागरी अंकाचे मूल्य युनिकोडने नोंदविलेलेच आहे.

या विसंगतीचा परिणाम भाषिक आहे. घेताना एक अंक आणि दाखविताना दुसरे, हा घोळ टाळण्यासाठी आज्ञावलीकार दाखवितानाही देवनागरी अंक वगळू लागतो. छापखान्यात टिकलेली लिपी पडद्यावरून अशी निघून जाते. उपाय अवघड नाही. ० ते ९ ही देवनागरी चिन्हे युनिकोडमध्ये लागोपाठ येतात, म्हणून कोणत्याही अंकाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की मूल्य मिळते. ही वजाबाकी तूर्त प्रत्येक आज्ञावलीकाराने स्वतःच लिहावयाची आहे.