‘विषाणुजन्य’ या विशेषणाची मर्यादा

फुप्फुसाच्या विरळ लसीकाविकारांविषयी मराठीत लिहिताना ‘विषाणुजन्य’ हे विशेषण सहज लेखणीवर येते. ‘जन्य’ या उत्तरपदाने कार्यकारणभाव सिद्ध झाल्याचे गृहीत धरले जाते. तो कितपत सिद्ध आहे हे पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

लिम्फोमॅटॉइड ग्रॅन्युलोमॅटोसिस या विकाराचे वर्णन लीबो, कॅरिंग्टन व फ्रीडमन यांनी १९७२ साली केले. एप्स्टाइन-बार विषाणू १९६४ सालीच बर्किटच्या अर्बुदातील पेशींत आढळला होता. परंतु या दोहोंचा संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानी आला नव्हता. १९९४ साली या विकारातील बी-पेशींत त्या विषाणूची जनुकीय खूण दाखविली गेली; भोवती दाटलेल्या टी-पेशी केवळ प्रतिक्रियारूप ठरल्या. खरे ग्रॅन्युलोमा यात सहसा नसतात; नाव मात्र टिकून राहिले. ज्ञान पुढे गेले तरी संज्ञा मागे राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मग येथे तरी ‘जन्य’ म्हणावयास हरकत कोणती? हरकत अशी की, जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू सुप्तपणे नांदतो. विकार मात्र अत्यल्प लोकांना जडतो, आणि तोही बहुधा प्रतिकारशक्ती क्षीण झाली असता. म्हणजे विषाणू हे आवश्यक कारण असेल, पुरेसे नव्हे. लिम्फोसाइटिक इंटरस्टिशियल न्यूमोनियाची गोष्ट आणखी निराळी. तो एचआयव्हीबाधित बालकांत आढळतो, तसाच श्योग्रेनच्या विकाराने पीडित प्रौढांतही आढळतो. तेथे एकच विशेषण सर्वांना लावणे अशास्त्रीय ठरेल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आमच्या परभणीकडे ‘लागण’ म्हटले की क्षय आठवतो, आणि रोग्याचे ताट-वाटी वेगळे होते. वस्तुतः हे लसीकाविकार एकाचे दुसऱ्यास लागत नाहीत. एका सैल समासामुळे रोगी घरातच परका व्हावा, हे भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षिण्याजोगे नाही.

सुदैवाने मराठीची शब्दयोगी अव्यये येथे समर्थ आहेत. विषाणू नुसता सोबत आढळला तर ‘विषाणूसह’, संबंध दिसला पण कारणत्व ठरले नाही तर ‘विषाणूशी संबद्ध’, आणि कारणत्व सिद्ध झाले तरच ‘विषाणूमुळे’ म्हणावे. पुराव्याची पायरी आणि प्रत्ययाची पायरी एकच असावी, एवढीच अपेक्षा.