मौनाचे तीन अर्थ : मेक्सिकन साहित्यातील सांस्कृतिक अस्मितेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

साहित्याच्या आधारे एखाद्या राष्ट्राचा स्वभाव जाणून घेण्याची प्रथा जुनी आहे. मेक्सिकोच्या संदर्भात ती विशेष रूढ झाली, कारण 'मेक्सिकन माणूस म्हणजे कोण?' हा प्रश्न तेथील लेखकांनीच वारंवार विचारला. १५२१ मध्ये स्पॅनिश आक्रमकांनी तेनोच्तित्लान ही अॅझ्टेक राजधानी जिंकली. त्यानंतरच्या तीन शतकांच्या वसाहतकाळात युरोपीय व आदिवासी यांच्या मिश्रणातून 'मेस्तिसो' समाज घडला. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीनंतर हाच संमिश्र माणूस राष्ट्राचा प्रतिनिधी मानला जाऊ लागला. या माणसाचे एक लक्षण म्हणून त्याच्या मौनाचा, मिटलेपणाचा उल्लेख सातत्याने होतो. हे मौन स्वभावातून येते की परिस्थितीतून, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ऑक्ताव्हिओ पाझ, हुआन रुल्फो आणि रोसारिओ कास्तेयानोस यांच्या प्रत्येकी एका ग्रंथाच्या आधारे केला आहे.

पाझ : मुखवट्याआडचे मौन

१९३४ मध्ये तत्त्वचिंतक साम्युएल रामोस यांनी मेक्सिकन मनाचे विश्लेषण करताना आडलर यांच्या मानसशास्त्रातील न्यूनगंडाची संकल्पना वापरली. पाझ यांचा 'एकांताचा चक्रव्यूह' (१९५०) हा निबंधग्रंथ याच परंपरेतील, परंतु तिला इतिहासाची व काव्यात्म चिंतनाची जोड देणारा आहे. पाझ यांच्या मते मेक्सिकन माणूस स्वतःभोवती भिंत उभारतो. सौजन्य, औपचारिकता व उपरोध हे त्याचे मुखवटे होत. उघडे होणे म्हणजे पराभूत होणे, असे तो मानतो. वर्षभर मिटलेला हा माणूस केवळ उत्सवात मोकळा होतो. या मिटलेपणाचे मूळ पाझ स्पॅनिश विजयाच्या आघातात शोधतात. विजेता कोर्तेस याची दुभाषी व सहचरी मालिंचे ही त्यांच्या विवेचनात त्या आघाताचे प्रतीक ठरते.

या विवेचनाचा मोह पडावा इतके ते प्रभावी आहे. तथापि आपले चिंतन देशातील सर्वांना लागू नसून स्वतःच्या मेक्सिकनपणाची जाणीव असलेल्या लहानशा गटापुरते आहे, ही मर्यादा पाझ यांनी पहिल्याच प्रकरणात नोंदविली आहे. वाचक व समीक्षक मात्र तिच्याकडे दुर्लक्ष करतात. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्को येथे विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारानंतर पाझ यांनी भारतातील राजदूतपद सोडले. १९७० मधील 'पुरवणी' या पुस्तकात त्यांनी मेक्सिकनपण हे सत्त्व नसून इतिहास आहे, असे स्पष्ट केले.

रुल्फो : मृतांची कुजबुज

'पेद्रो पारामो' (१९५५) या कादंबरीत हुआन प्रेसिआदो मरणासन्न आईला दिलेल्या वचनानुसार वडिलांच्या शोधात कोमाला या गावी येतो. तेथे त्याला भेटतात ते मृतांचे आवाज. पाझ यांचा माणूस जिवंत असून बोलत नाही. रुल्फोची माणसे मेल्यावरही बोलायची थांबत नाहीत. जिवंतपणी मात्र त्यांना गप्प राहावे लागले. याचे कारण पेद्रो पारामो या जमीनदाराची सत्ता होय. हुआनच्या आईशी तो विवाह करतो तो तिच्या कुटुंबाचे कर्ज बुडविण्यासाठी आणि तिची जमीन मिळविण्यासाठी. खून, बेदखली आणि धर्मगुरूची लाचारी यांतून गावाचे मौन तयार होते.

उत्सवाचा प्रसंग येथे विशेष लक्षणीय आहे. सुसाना सान हुआन हिच्या मृत्यूनंतर अनेक दिवस घंटा वाजत राहतात. आसपासचे लोक जमतात आणि शोकाची जत्रा होते. संतापलेला पेद्रो पारामो हातावर हात ठेवून बसण्याचे व गावाला उपाशी मारण्याचे ठरवितो. पाझ ज्या उत्सवात मुक्ती पाहतात, तोच उत्सव येथे गावाच्या विनाशाचे निमित्त ठरतो. जमीन एकाच्या मुठीत असताना समूहाचा आनंदही त्याच्या मर्जीवर अवलंबून असतो, हे रुल्फो कोणतेही भाष्य न करता दाखवितात.

कास्तेयानोस : हिरावलेली भाषा

कास्तेयानोस यांची 'बालून कानान' (१९५७) ही कादंबरी ग्वातेमालाला लागून असलेल्या चियापास प्रांतात घडते. काळ राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या भूसुधारणांचा आहे. आदिवासी मुलांसाठी शाळा चालविण्याची सक्ती होताच जमीनदार सेसार आपल्या अनौरस पुतण्याला शिक्षक नेमतो. त्याला मुलांची त्सेल्तल भाषा येत नाही आणि मुलांना त्याची स्पॅनिश समजत नाही. कायद्याचे पालन होते, शिक्षण होत नाही. उलट एखादा आदिवासी स्पॅनिश बोलला तर तो मालकवर्गाला उद्धटपणा वाटतो. येथे मौन लादलेले आहे.

निवेदिका असलेल्या जमीनदारकन्येलाही कादंबरीत नाव नाही. तिच्या हाती घराण्याची जुनी हस्तलिखिते येतात, तेव्हा ती मुलाचा वारसा आहेत असे सांगून आई काढून घेते. जात, वर्ग व लिंग यांनुसार मौनाचे थर कसे बदलतात, हे यातून दिसते. तथापि लेखिका या मुलीला निर्दोष ठरवीत नाही. अखेरीस आपली दाई रस्त्यात दिसल्याचा तिला भास होतो; पण ती खरोखर दाईच आहे का, हे तिला ओळखता येत नाही, कारण तिच्या दृष्टीने सर्व आदिवासींचे चेहरे सारखेच असतात.

समारोप

कास्तेयानोस यांच्या कादंबरीचा हा शेवट राष्ट्रीय स्वभावाच्या संपूर्ण चर्चेला लागू पडतो. कोट्यवधी माणसांना एकच स्वभाव बहाल करणारी दृष्टी आणि सर्व चेहरे सारखे पाहणारी दृष्टी यांत फार अंतर नाही. पाझ यांचे मौन आत्मसंरक्षणाचे, रुल्फो यांचे दहशतीचे, तर कास्तेयानोस यांचे भाषावंचनेचे आहे. २००३ च्या भाषिक अधिकारविषयक कायद्याने आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला; कास्तेयानोस यांनी मांडलेला प्रश्न त्यापूर्वी साडेचार दशकांचा होता.

यावरून पाझ यांचा ग्रंथ त्याज्य ठरत नाही. परंतु अभ्यासक्रमात केवळ तोच नेमून 'मेक्सिकन माणूस' समजल्याचे समाधान मानणे अपुरे आहे. निबंध स्वभावाचे सूत्र देतो, तर कादंबरी त्या सूत्राची किंमत कोणी मोजली हे सांगते. म्हणूनच हे दोन्ही साहित्यप्रकार परस्परांसमोर ठेवून शिकविणे आवश्यक आहे.