लिनक्सवर आरेखन : परीक्षा एका स्टँडची

पुष्कळ शाळांच्या संगणक कक्षात दहा-बारा वर्षे जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य बंद झाले. यांतले अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण त्यांवर लिनक्स चढवले, की ते पुन्हा कामाला लागतात. पत्र लिहिणे, गुणपत्रके करणे, माहिती शोधणे ही कामे लिनक्सवर सुखाने होतात. अडते ते तांत्रिक आरेखन शिकवणाऱ्या शिक्षकांपाशी. ‘आमचे ऑटोकॅड याच्यावर चालेल का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि ‘नाही’ हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे.

यात लिनक्सची काही असमर्थता आहे असे मात्र नाही. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले आणि पुढे काही वर्षे ते युनिक्स संगणकांवरही चालत असे. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीनंतर युनिक्सची शाखा बंद करण्यात आली आणि १९९७ ची चौदावी आवृत्ती फक्त विंडोजसाठी निघाली. २०१० साली ते मॅकवर परतले, लिनक्सवर कधीच आले नाही. हा निर्णय तंत्राचा नसून व्यापाराचा होता.

मग शिक्षक काय करतात? ऑटोकॅड बनवणारी कंपनी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ते विनामूल्य वापरू देते. पण त्यासाठी प्रत्येकाचे खाते, पात्रतेची पडताळणी, दरवर्षी नूतनीकरण आणि बऱ्यापैकी ताकदीचा विंडोज वा मॅक संगणक लागतो. एवढे जमले नाही की कोणीतरी कुलूप तोडलेली प्रत आणून देतो. विज्ञानाच्या तासाला प्रामाणिक नोंदींचे महत्त्व सांगायचे आणि पुढच्या तासाला चोरीच्या सॉफ्टवेअरवर धडा द्यायचा, हे आम्हाला पटत नाही. म्हणून आम्ही लिनक्सवर चालणारी मुक्त आरेखन सॉफ्टवेअरे स्वतः वापरून पाहिली. त्यांचे गुणदोष येथे मांडत आहोत.

कसोटी

परीक्षेसाठी आम्ही शाळेतलीच एक वस्तू निवडली : परीक्षानळ्यांचा स्टँड. त्याची वरची पट्टी २०० मिलिमीटर लांब व ६० मिलिमीटर रुंद. तिच्यात १६ मिलिमीटर व्यासाची सहा भोके. पहिल्या भोकाचे केंद्र कडेपासून २५ मिलिमीटरवर आणि पुढची केंद्रे ३० मिलिमीटर अंतराने. नळीचा बाहेरचा व्यास १५ मिलिमीटर.

प्रत्येक सॉफ्टवेअरला आम्ही तीन प्रश्न विचारले. हा स्टँड नवशिक्याला काढता येतो का? एक माप बदलले तर बाकीच्या चित्राचे काय होते? आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या कोणाला, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच मापांसह उघडता येते का?

लिब्रेकॅड : संगणकातला ड्रॉइंग बोर्ड

लिब्रेकॅड हे क्यूकॅड या सॉफ्टवेअरच्या मुक्त आवृत्तीतून फुटलेली शाखा आहे. ते फक्त सपाट, म्हणजे द्विमितीय, आरेखन करते. रेषा, वर्तुळ, कंस, मापरेषा आणि एकावर एक ठेवलेले थर एवढाच त्याचा संसार. जुन्या संगणकावरही ते चटकन उघडते. ऑटोकॅड पाहिलेल्या शिक्षकाला तासाभरात हात बसतो. आमच्या स्टँडची समोरील, वरील आणि बाजूची अशी तिन्ही दृश्ये आम्ही एका बैठकीत काढली.

दुसऱ्या प्रश्नावर ते कमी पडते. पट्टीची लांबी समोरील दृश्यात २०० आणि वरील दृश्यात चुकून १९० केली, तरी लिब्रेकॅड काहीच बोलत नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या रेषा आहेत. ती एकाच पट्टीची दोन रूपे आहेत हे आरेखकानेच ध्यानात ठेवायचे. कारखान्यात हा दोष ठरेल, पण शाळेत आम्ही त्याला गुण म्हणू. आपल्याकडे भारतीय मानकांनुसार प्रथम कोन प्रक्षेपण शिकवले जाते. कोणते दृश्य कोठे येते हे विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्के व्हायचे असेल, तर ते यंत्राने आपोआप मांडून देण्याआधी एकदा स्वतः मांडलेले बरे.

तिसऱ्या प्रश्नाने आमची फजिती केली. लिब्रेकॅड आपली चित्रे डीएक्सएफ या स्वरूपात जतन करते. या स्वरूपाची रचना जाहीर असल्याने बहुतेक आरेखन सॉफ्टवेअरे ते वाचतात. आम्ही स्टँडची फाइल लाकूड कापून देणाऱ्या एका कार्यशाळेत पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘सर, नळ्यांचा स्टँड पाच मीटर लांब कशाला हवा?’ आमच्या फाइलमध्ये २०० हा आकडा होता, पण एकक नोंदलेले नव्हते. तिकडच्या यंत्राने ते इंच मानले. २०० गुणिले २५.४ म्हणजे ५०८० मिलिमीटर! ‘एकक लिहिले नाही, अर्धा गुण कमी’ असे आपण वहीत लाल शाईने लिहितो, त्याचा याहून चांगला दाखला आम्हाला माहीत नाही. फाइल पाठवण्यापूर्वी एकक तपासावे आणि एक ज्ञात माप चित्रावर लिहून द्यावे.

ऑटोकॅडच्या स्वतःच्या डीडब्ल्यूजी फाइलींची गोष्ट निराळी आहे. त्यांची रचना कंपनीने जाहीर केलेली नाही. इतरांनी ती उलगडून काढली आहे. लिब्रेकॅडमध्ये अशा फाइली नीट उघडतील याचा भरवसा धरू नये. समोरच्याकडून डीएक्सएफ मागून घेणे हाच सोपा मार्ग.

ओपनएससीएडी : लिहून काढलेले चित्र

ओपनएससीएडीमध्ये माउसने चित्र काढायचे नसते. चित्राचे वर्णन लिहायचे असते. ठोकळा घ्या, त्यातून दंडगोल वजा करा, हे सहा वेळा करा, प्रत्येक वेळी ३० मिलिमीटर सरका. या चार ओळींत आमची पट्टी तयार झाली. भोकांच्या संख्येला ‘न’ म्हटले आणि लांबी (न – १) × ३० + ५० अशी लिहिली, की सहाच्या जागी आठ टाकताच पट्टी आपोआप २६० मिलिमीटरची होते. चल आणि सूत्र यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या आठवीच्या मुलाला हे दाखवावे. शिवाय फाइल म्हणजे साधा मजकूर. ती कोणत्याही संगणकावर वाचता येते आणि शिक्षकाला वहीसारखी तपासता येते.

उणीव आहे ती गोलाईची. येथे वर्तुळ म्हणजे पुष्कळ बाजूंची बहुभुजाकृती, आणि तिचे शिरोबिंदू खऱ्या वर्तुळावर असतात. म्हणजे ती वर्तुळाच्या आत बसते. १६ मिलिमीटरच्या भोकाला आठच बाजू सांगितल्या, तर समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर १६ गुणिले २२.५ अंशांची कोसाइन, म्हणजे १४.७८ मिलिमीटर भरते. १५ मिलिमीटरची नळी त्यात जाणारच नाही! बाजू ६० केल्या, की हे अंतर १५.९८ होते आणि नळी सुखाने बसते. पाय या स्थिरांकाचे मूल्य काढण्यासाठी आर्किमिडीजने बहुभुजाकृतीच्या बाजू वाढवत नेल्या होत्या. तीच युक्ती येथे मुलांना हाताने करून पाहता येते. मात्र कडा गोलसर करणे, नक्षीदार वळण देणे अशा कामांसाठी हे सॉफ्टवेअर त्रासदायक आहे.

फ्रीकॅड : मोठा पसारा, मोठी ताकद

फ्रीकॅड हे खरे त्रिमितीय आरेखन सॉफ्टवेअर. त्याची पहिली आवृत्ती २००२ सालची. ‘१.०’ हा आकडा मिळायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. त्याच्या पोटातले भूमितीचे यंत्र ओपन कॅस्केड या नावाचे असून एका फ्रेंच कंपनीने ते १९९९ साली खुले केले. ते दंडगोलाला दंडगोल म्हणूनच ओळखते, त्याची बहुभुजाकृती करत नाही. एकदा घन वस्तू तयार केली, की तिची दृश्ये सॉफ्टवेअर स्वतः मांडते आणि प्रथम कोन की तृतीय कोन हे निवडता येते. माप एका जागी बदलले की सर्व दृश्ये बदलतात. फाइल देण्याघेण्यासाठी स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक स्वरूप आहे आणि बहुतेक सर्व मोठी सॉफ्टवेअरे ते ओळखतात.

दोषही स्पष्ट सांगायला हवेत. फ्रीकॅडमध्ये निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी ‘वर्कबेंच’ आहेत. त्यांतल्या दोघांची नावे ‘पार्ट’ आणि ‘पार्ट डिझाइन’. एकच भोक दोन्हीकडे पाडता येते, पण रीती वेगळ्या, आणि त्यांची सरमिसळ केली की नवशिका हमखास अडकतो. कोणत्या रस्त्याने जावे हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. जुन्या आवृत्तीत आम्ही पट्टीला एक खाच पाडली, तर भोके चक्क दुसऱ्या पृष्ठावर जाऊन बसली. कारण असे, की फ्रीकॅड वस्तूच्या पृष्ठांना क्रमांक देत असे. हजेरीपटात नावे वर्णक्रमाने असतात. मध्येच नवीन मुलगा आला की पुढच्या सर्वांचे क्रमांक सरकतात, आणि ‘क्रमांक १२ ला फळा पुसायला सांगा’ ही जुनी चिठ्ठी भलत्याच मुलाच्या हाती पडते. तसेच हे. आवृत्ती १.० मध्ये यावर उपाय योजला आहे. आमची भोके त्या आवृत्तीत जागची हलली नाहीत. पण निर्माते स्वतःही हा दोष कमी झाला असेच म्हणतात, समूळ गेला असे म्हणत नाहीत. लिनक्सच्या भांडारातून मिळणारी आवृत्ती पुष्कळदा जुनी असते. म्हणून फ्रीकॅडची स्वतंत्र एक-फाइल आवृत्ती वापरावी.

त्रिकोणाचा धडा

एवढे दोष असूनही फ्रीकॅडची शिफारस आम्ही ज्या कारणासाठी करतो ते भूमितीच्या शिक्षकांना आवडेल. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीतील आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ तयार केले. या दोन रेषा समान, त्या दोन समांतर, अशी बंधने चित्रावर घालण्याची सोय त्यात होती. फ्रीकॅडचा रेखाटन विभाग त्याच कल्पनेवर चालतो. तो सतत सांगत असतो, की चित्रात अजून किती मोकळीक उरली आहे.

त्रिकोण काढा. तीन बिंदू, प्रत्येकाचे दोन निर्देशक, म्हणून मोकळीक सहा. एक शिरोबिंदू आरंभबिंदूवर पक्का करा आणि एक बाजू आडवी करा. उरते तीन. आता तीन बाजूंची मापे द्या. मोकळीक शून्य होते आणि रेषा हिरव्या होतात. ही बाबाबा कसोटी. दोन बाजू व समाविष्ट कोन दिला तरी शून्य. ही बाकोबा. आता तीन कोन देऊन पाहा. तिसरा कोन देताच सॉफ्टवेअर तक्रार करते, की हे बंधन अनावश्यक आहे. एक मोकळीक उरतेच, आणि टोक धरून ओढले की त्रिकोण आकार न बदलता लहानमोठा होतो. समरूपता आणि एकरूपता यांतला फरक मुलाच्या बोटांना कळतो.

येथे एक सावधगिरी हवी. दोन बाजू आणि समाविष्ट नसलेला कोन दिला तरी मोकळीक शून्य होऊन रेषा हिरव्या होतात. पण अशी मापे कित्येकदा दोन वेगळ्या त्रिकोणांना लागू पडतात. सॉफ्टवेअर आपल्या मूळ चित्राला जवळचा असेल तो निवडते आणि दुसऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हिरवा रंग म्हणजे सिद्धता नव्हे. हे विद्यार्थ्याला सांगायला शिक्षकच लागतो.

फुकट आणि मुक्त

लिनक्सवर चालणारी इतर नावेही कानावर येतात. सॉल्व्हस्पेस लहान आणि सुबक आहे. बंधनांचा वरील धडा त्यातही घेता येतो. ब्रिक्सकॅड ऑटोकॅडसारखेच आहे, पण विकत घ्यावे लागते. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालते. मात्र त्याला सतत इंटरनेट लागते आणि विनामूल्य खात्यातली चित्रे सर्वांना खुली राहतात. ड्राफ्टसाइट एके काळी लिनक्सवर फुकट मिळत असे. त्याच्या विनामूल्य आवृत्त्या २०१९ अखेर बंद झाल्या. जे केवळ फुकट असते ते देणाऱ्याच्या मर्जीवर असते. लिब्रेकॅड, ओपनएससीएडी व फ्रीकॅड यांची मूळ संहिताच खुली आहे. निर्मात्यांनी उद्या हात आखडता घेतला तरी दुसरे कोणी ते काम पुढे नेऊ शकते. लिब्रेकॅड स्वतः असेच जन्मले.

‘पण नोकरीच्या मुलाखतीत ऑटोकॅडच विचारतात’ हा आक्षेप खरा आहे. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला ते पुढे शिकावे लागेल. पण प्रक्षेपण, मापन, एकक आणि बंधन या गोष्टी ज्याला कळल्या, त्याला नव्या सॉफ्टवेअरचे मेनू अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही. ज्याला फक्त मेनू पाठ आहेत, त्याचे ज्ञान पुढच्या आवृत्तीबरोबर शिळे होते. शिवाय मुक्त साधनांवर खऱ्या कामाच्या गोष्टी उभ्या राहतात. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकांनुसार आराखडे करणारे ‘ओसडॅग’ हे खुले सॉफ्टवेअर आपल्या आयआयटी मुंबईतच घडले आहे.

आमचा निष्कर्ष असा. आरेखनाच्या तासाला लिब्रेकॅडपासून सुरुवात करावी. गणिताच्या तासाला ओपनएससीएडी वापरावे. ज्या मुलांना पुढे जायचे आहे त्यांना फ्रीकॅड द्यावे, पण एकच वर्कबेंच शिकवून. आणि प्रत्येक मुलाला त्याची फाइल डीएक्सएफ किंवा स्टेप स्वरूपात घरी नेऊ द्यावी. दहा वर्षांनी ती त्याला उघडता आली पाहिजे.

आपल्या कक्षातला सर्वांत जुना संगणक घ्या आणि त्यावर हा स्टँड काढून पाहा. कोठे अडले ते आम्हाला कळवा. आमचा स्टँड अखेर २०० मिलिमीटरचाच झाला. तो प्रयोगशाळेत वापरात आहे.