डार्करूम गेली, वाक्य राहिले

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात (पहिली आवृत्ती २००६) एक सोपा प्रयोग दिलेला आहे. पांढरे सिल्व्हर क्लोराइड उन्हात ठेवायचे. प्रकाशाने त्याचे विघटन होते, चांदी सुटी होते आणि पूड करडी पडते. सिल्व्हर ब्रोमाइडही असेच वागते आणि कृष्णधवल छायाचित्रणात याच अभिक्रिया वापरतात, असे पुढे सांगितले आहे. प्रयोग छान आहे. आमचे भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे; आणि उरलेले अर्धे जिथे डोळ्यांनी दिसायचे, ती डार्करूमच आता गावोगाव बंद झाली आहे.

डार्करूममध्ये काय होत असे? लाल दिव्याच्या उजेडात ब्रोमाइडचा लेप असलेला कागद एन्लार्जरखाली ठेवून निगेटिव्हमधून काही सेकंद त्यावर प्रकाश पाडत. कागद उचलून पाहिला तर कोराच्या कोरा! मग तो डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवला की आधी केस, मग डोळे, असा चेहरा उमटू लागे. प्रकाशानेच चांदी सुटी होत असेल, तर चित्र ट्रेमध्ये जाण्याआधीच का दिसत नाही? पुस्तकातले वाक्य पाठ केल्याने हा प्रश्न पडत नाही.

त्या काही सेकंदांत ब्रोमाइडच्या एकेका स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. चारेक अणूंचा ठिपकाही पुरतो. ही सुप्त प्रतिमा. ती डोळ्यांना दिसणे शक्यच नाही. डेव्हलपरमधले मेटॉल आणि हायड्रोक्विनोन हे क्षपणक आहेत. ज्या स्फटिकात असा ठिपका असेल, तो अख्खा स्फटिक ते चांदीत बदलतात. प्रकाशाने केलेले काम इथे सुमारे अब्जपट वाढते. प्रकाश न लागलेले ब्रोमाइड नंतर हायपोच्या द्रावणात विरघळून जाते. म्हणजे फोटोतली जवळजवळ सगळी चांदी क्षपणाने आलेली असते. फॉक्स टॅलबॉटला ही युक्ती १८४० साली सापडली; त्याआधी कागद उन्हात आपसूक काळा पडेपर्यंत तो वाट पाहत बसे. पुस्तकातले वाक्य त्या आधीच्याच पद्धतीचे वर्णन करते.

आपल्याकडे ही विद्या लवकर पोचली होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग चालत होता, आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नामवंत छायाचित्रकार झाले. डार्करूम वर्गाला इतकी जवळ होती!

आज चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावातही मोबाइल आणि छोटा प्रिंटर एवढ्यावर पासपोर्ट फोटो निघू शकतो. ‘डिजिटल आले, रसायन गेले’ असे मग सहज म्हटले जाते. हेही अर्धेच. फुजीफिल्मची ‘फ्रंटियर’ मिनिलॅब १९९६ साली आली. तिच्यात चित्र डिजिटल असते, पण लाल, हिरवे, निळे लेसर ते सिल्व्हर हॅलाइडच्याच कागदावर लिहितात, आणि कागद पुढे डेव्हलपरमधूनच जातो. गंमत म्हणजे या रंगीत फोटोत शेवटी चांदी उरतच नाही. ती धुऊन काढतात, मागे राहतात रंगद्रव्ये. छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये मात्र खरोखरच चांदी नसते. उष्णतेने पिवळा, किरमिजी आणि आकाशी रंग रिबनवरून कागदावर जातो. त्याची वापरलेली रिबन उजेडासमोर धरली, तर तिघा रंगांची उलटी चित्रे वेगवेगळी दिसतात. फोटोवाल्याकडून ती जरूर मागून आणावी. (रिबनवर गिऱ्हाइकांचे चेहरे असतात, म्हणून आपलाच फोटो काढून तेवढाच तुकडा घ्यावा.)

ब्रोमाइड कागद अजूनही मिळतो, आणि वर्गात दाखवायला डार्करूमही लागत नाही. अंधारात पाकिटातून एकच पट्टी काढून पाकीट नीट बंद करावे. पट्टी क्षणभर वर्गातल्या उजेडात धरावी. ती पांढरीच दिसेल. लगेच तिचे अर्धे टोक चिमट्याने डेव्हलपरमध्ये बुडवावे. तेवढेच टोक बघता बघता काळे होईल. दुसरी पट्टी नुसतीच उन्हात ठेवावी. ती सावकाश, जांभळट करडी पडेल. मग दोन्ही पट्ट्या शेजारी मांडून मुलांनाच विचारावे, की पुस्तकातले वाक्य यांपैकी कोणत्या पट्टीबद्दल बोलते आहे?