पंच घरचाच असतो तेव्हा

गेल्या थँक्सगिव्हिंगला मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. जेवणं झाली आणि बेसमेंटमधून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून खाली डोकावलो. टेबलाभोवती माझी बारा वर्षांची नात, तिचे तीन मित्रमैत्रिणी आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे माझा मुलगा. टेबलावर वीस पैलूंचे फासे, पेन्सिली आणि चिवड्याचा डबा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चाललं होतं.

ज्यांच्या घरात हे खूळ अजून शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण 'डंजन मास्टर' होतो. तो गोष्ट सांगतो, राक्षसांच्या चाली खेळतो आणि निवाडाही तोच देतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, आपण काय करतो ते तोंडाने सांगतात आणि यशाची खात्री नसेल तिथे फासा टाकतात. म्हणजे कीर्तनकार, प्रतिपक्ष आणि पंच एकाच माणसात! आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्यांचाच अंपायर असे, त्याची आठवण यावी.

भांडण असं होतं. नातीच्या जादूगाराने अरुंद भुयारात आगीचा गोळा फेकला. मुलगा म्हणाला, ज्वाळा उलटून तुमच्याच माणसांवर आल्या. मैत्रिणीचा बुटका योद्धा कोसळला. नात उसळून म्हणाली, "बाबा, असं पुस्तकात कुठे लिहिलंय?" मुलगा म्हणाला, "आज मी सांगतो तसं. पुढे चला." खेळ पुढे गेला खरा, पण नातीचं तोंड फुगलं ते फुगलंच.

मुलाच्या डोक्यात १९८९ सालची दुसरी आवृत्ती होती. तीत त्या गोळ्याचं घनफळ सुमारे ३३,००० घनफूट, आणि जागा अरुंद असली तर तेवढं घनफळ भरेपर्यंत आग पसरणार. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींनी हिशेब करून पाहावा: दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात ती ३३० फूट जागा व्यापेल. नातीच्या हातातल्या २०१४ च्या आवृत्तीत हे गणित गेलं. वीस फूट त्रिज्येचा गोल, फार तर कोपऱ्यावरून वळेल, संपलं. बाप आपल्या लहानपणच्या नियमांनी खेळत होता आणि मुलगी आपल्या. हे लिहिताना हसू आलं, कारण आपल्या सगळ्यांच्याच घरांचा इतिहास या वाक्यात आला.

रात्री झोप येईना, म्हणून डंजन मास्टरसाठीचं २०१४ चं मार्गदर्शक पुस्तकच वाचायला घेतलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हातून बाहेर पडला. डंजन मास्टरसाठीचा पहिला जाडजूड ग्रंथ गायगॅक्सने १९७९ मध्ये लिहिला. त्याचा सूर एखाद्या करड्या हेडमास्तरचा आहे. नियमांच्या शब्दांपेक्षा खेळाचा आत्मा मोठा, आणि पुस्तकातली वचनं तोंडावर फेकणाऱ्या वकिलांना भीक घालू नका, असा त्याचा उपदेश. २०१४ चं पुस्तक आवाज खाली आणून बोलतं, पण सांगतं तेच: सत्ता नियमांची नाही, डंजन मास्टरची. २०२४ मध्ये आणखी नवं पुस्तक आलं आहे. आमच्या घरी अजून जुनंच चालतं.

हा उपदेश मला निम्मा पटला. कोणीतरी तिथल्या तिथे निकाल दिला पाहिजे, नाहीतर खेळ मरतो. घटनेतलं एक कलम शोधता शोधता चहा थंड झालेला आपण आपल्या सभांत पाहिलेला आहे. पण ३२० पानांच्या ग्रंथात जादूच्या अंगठ्या, तलवारी आणि काढे यांना पानंच्या पानं मिळावीत आणि नियमांवरून होणाऱ्या वादाला चार-पाच वाक्यांचा परिच्छेद? वाद घालायचा की निकाल मानून पुढे जायचं हे आधी ठरवा, मुद्दा टिपून ठेवा, मग सवडीने पाहा, एवढंच तो परिच्छेद सांगतो. सल्ला शहाणपणाचा आहे. पण सवडीने पाहिल्यावर पंचच चुकलेला निघाला तर त्याने काय करावं, हे त्यात नाही. आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

कारण १९९२ मध्ये तो पंच मी होतो. आमच्याकडे मेंढीकोटचा डाव रंगला होता. मुलगा तेव्हा चौदाचा. त्याने बंद हुकूम उघडायला लावला आणि हातात हुकूम असूनही दुसरंच पान टाकलं. मी म्हटलं, हुकूम मागितला की हुकूमच टाकावा लागतो. तो म्हणाला, "आजी तर असंच खेळते." मी म्हणालो, "या घरात माझा नियम." त्याने पत्ते पालथे ठेवले आणि तो वर निघून गेला. माझ्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण जावयासमोर कशाला बोला म्हणून गप्प राहिल्या. मुलगा त्यानंतर माझ्याबरोबर कधी पत्ते खेळला नाही.

बैठकीच्या खोलीतल्या भांडणाला कौरवसभेची उपमा जरा जास्तच होईल, पण त्या मार्गदर्शकापेक्षा त्या सभेने मला अधिक शिकवलं. धर्मराज आधी स्वतःला हरला, मग मला पणाला लावायचा त्याला अधिकार होता का? द्रौपदीचा हा प्रश्न म्हणजे खेळाच्या नियमाचाच प्रश्न. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म म्हणून निकाल टाळला. विकर्ण तेवढा बोलला, तर कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प केलं. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीलाच दोष दिला, की अशा वेळी तिने कायद्याचा कीस काढायला नको होता. मला हे पटत नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. निकाल द्यायला बसलेल्यांनी तोंड उघडलं नाही, ही चूक त्यांची. पंचाने मनमानी केली तर खेळ बिघडतो आणि पंच गप्प बसला तर सभा बिघडते. मी पहिली चूक केली, सासूबाईंनी दुसरी.

पंधरा दिवसांनी नातीचा फोन आला. "आजोबा, बाबाने सगळ्यांसमोर सांगितलं, माझं चुकलं!" मी विचारलं, "आणि त्या योद्ध्याचं काय?" झालेला खेळ उलटा फिरवायचा नाही, असं ठरलं म्हणे. सर्वांच्या मते योद्धा मेला नव्हता, बेशुद्ध पडला होता. दाढी मात्र जळाली, ती जळलेलीच राहणार. इतका चांगला निवाडा मला त्या ३२० पानांत सापडला नव्हता.

मग मी मुलाला फोनवर मागून घेतलं आणि म्हटलं, "हुकूम मागितल्यावर दुसरं पान टाकलेलंही चालतं. तुझी आजी बरोबर खेळायची." तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, ख्रिसमसला या. पत्ते काढून ठेवतो."

जाणार आहे. पण या वेळी पानं वाटायच्या आधी हुकमाचं काय ते ठरवून घेईन म्हणतो.