‘मिळाला’ आणि ‘टिपला’ : हौशी पक्षी-छायाचित्रकारांच्या अभिप्रायांची भाषा

हौशी छायाचित्रकारांनी आपली चित्रे परस्परांस दाखवावी व त्यांवर अभिप्राय मागावा, ही प्रथा नवी नव्हे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हापासून या देशात तिला संघटित रूप आहे. डिजिटल कॅमेऱ्याने तिचा वेग मात्र पालटला. नवेगाव बांधच्या काठावर सकाळी घेतलेले चित्र दुपारच्या आत अनेक सहव्यवसायींच्या नजरेखालून जाते आणि त्यावर मतांची पखरण होते. ही मते एकदोन वाक्यांची असतात व वाङ्मयीन प्रतिष्ठेची अपेक्षा धरीत नाहीत. तथापि त्यांत मूल्यमापन असते. सबब ती समीक्षाच होय, आणि समीक्षेला लावावयाच्या कसोट्या तिलाही लावल्या पाहिजेत.

या अभिप्रायांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला केवळ प्रशंसेचा : ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘कडक’. येथे शब्दाच्या अर्थापेक्षा तो उच्चारला जाण्याला महत्त्व असते. मॅलिनोव्स्की याने १९२३ साली संबंध राखण्यापुरत्या भाषाव्यवहाराचे जे वर्णन केले, त्यात हा वर्ग सहज बसतो. आज केलेली स्तुती उद्या परत मिळते, हे उभय पक्षांस ठाऊक असते. दुसरा वर्ग तंत्राचा : ‘डोळा शार्प आहे’, ‘पांढरा रंग जळला’, ‘क्रॉप थोडा सैल हवा होता’. नवशिक्याची खरी वाढ या वर्गामुळे होते, हे मान्य केले पाहिजे. तिसरा वर्ग ओळखीचा : पक्षी कोणता, नर की मादी, प्रौढ की अल्पवयीन. येथे चूक दाखविली जाते आणि ती बहुधा स्वीकारलीही जाते.

या तिन्ही वर्गांत जे आढळत नाही, त्याचा शोध क्रियापदांतून लागतो. पक्षी-छायाचित्रकार ‘सारस दिसला’ असे म्हणून थांबत नाही; ‘सारस मिळाला’ असे म्हणतो. अभिप्राय देणाराही विचारतो, ‘कुठे मिळाला?’ ‘मिळणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. ‘मला सारस मिळाला’ या वाक्यात छायाचित्रकार चतुर्थीत जातो आणि व्याकरणदृष्ट्या कर्ता सारसच ठरतो. जणू तो आपण होऊन कॅमेऱ्यासमोर आला. छायाचित्रकार किती जवळ गेला, किती वेळ थांबला, पक्षी अंड्यांवरून उठला काय, या साऱ्या कृतींना या वाक्यरचनेत जागाच नाही. ‘सुंदर टिपलाय’ या अभिप्रायात क्रियापद सकर्मक असले तरी कर्ता गाळलेला असतो, आणि कौतुक येऊन थांबते ते फळावर.

‘टिपणे’ या क्रियापदाचा अर्थविस्तारही लक्षणीय आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, टिपकागद शाई टिपतो, आणि श्रोता व्याख्यानातील मुद्दे टिपून घेतो. प्रचलित अभिप्रायांत यांपैकी शिकाऱ्याचा अर्थ वरचढ झालेला आहे. कॅमेरा आणि बंदूक यांच्यातील साधर्म्य सुसान सॉन्टॅग हिने १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले होतेच. मराठी बोलीने ते स्वतंत्रपणे आपल्या क्रियापदांत मुरविले आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही तिच्यात समाविष्ट होते. म्हणजे जे रूपक बोलण्यात निरुपद्रवी वाटते, ते घरट्यापाशी अक्षरशः खरे होऊ शकते.

नवेगाव बांधच्या परिसरात या प्रश्नाला विशेष धार आहे. येथील राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला. जंगलाच्या दाराआत नियम आहेत, वाटाड्या आहे, वाहनाला मर्यादा आहे. परंतु महाराष्ट्रात सारसाचा वावर आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, आणि हा पक्षी दाट जंगलाचा नव्हे. तो तलावांच्या काठचा व धानाच्या बांध्यांचा आहे. पावसाळ्यात तो पाणथळीत गवताकाड्यांचे घरटे रचतो, त्यात बहुधा दोन अंडी घालतो, आणि नरमादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. जोडी उठून गेली की अंडी ऊन, पाऊस आणि कावळे यांच्या हवाली होतात. खाजगी शेतात उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला पाहणारा वनरक्षक तेथे नसतो. कायद्याखालोखाल त्याच्यावर अंकुश राहतो तो समव्यवसायींच्या मताचाच. आणि ते मत तर ‘डोळा शार्प आहे’ एवढ्यावर संपते.

यावर असा आक्षेप येईल की, डिजिटल चित्राबरोबर सर्व तपशील आपोआप नोंदला जातो. मग प्रश्न कशाला? हे अर्धसत्य आहे. चित्राच्या नोंदीत तारीख, वेळ, छिद्रमान, उघडझापेचा काळ व भिंगाचे नाभीय अंतर असते. कधी अक्षांश-रेखांशही असतात. पक्षी अस्वस्थ होता काय, हे तीत नसते. किंबहुना जे नोंदू नये ते स्थळ ती नोंदते आणि जे नोंदावे ते वर्तन गाळते. घरट्याचे स्थळ उघड न करणेच योग्य. म्हणून समीक्षकाने ‘कुठे मिळाला?’ हे विचारू नये, ‘कसा मिळाला?’ हे अवश्य विचारावे.

याच बांधाच्या काठी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणकाराच्या सोबतीने पक्षी निरखले. कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. पक्ष्याच्या जगण्याला नाव द्यावयाचे तर त्याच्यापाशी निमूटपणे दीर्घकाळ थांबावे लागते. ते शब्द अशा थांबण्यातून आले आहेत. आजच्या अभिप्रायांत भिंगाच्या गुणदोषांसाठी शब्दांची वाण नाही. पक्ष्याच्या वर्तनासाठी मात्र ती जाणवते.

उपाय नवा शब्द घडविण्याचा नाही. ‘टिपणे’ याचाच दुसरा अर्थ, टिपून घेण्याचा, हौशी मंडळींनी जवळ केला तरी पुरे. चित्रासोबत दोन ओळींचे टिपण असावे : अंतर किती, पक्षी काय करीत होता, छायाचित्रकार निघाला तेव्हा तो तेथेच होता काय. अभिप्राय देणाऱ्याने आधी ते वाचावे आणि मग डोळा शार्प आहे की नाही ते सांगावे. सारस उडून गेला असेल, तर ते चित्र कितीही स्वच्छ असले तरी सदोष मानावे लागेल.