रंग बदलला की जागा बदलली?

श्रीगोंद्याला शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही पासवर्ड कसे सांभाळावेत यावर बोललो. बोलणे संपल्यावर एक बाई म्हणाल्या, "सर, पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप मी वर्षभर फोनवर वापरलं. एका सकाळी उघडलं, तर त्याचं रूपच बदललेलं. नेहमीचं बटण सापडेना, आणि माहिती तर त्याच दिवशी भरायची होती. शेवटी पुन्हा वही काढली." शेजारचे गुरुजी हसून म्हणाले, "नुसतं रूप बदललं म्हणून कोणी अ‍ॅप सोडतं का?"

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सरल, यूडायस प्लस, शालार्थ अशा प्रणालींमुळे मुलांच्या नोंदींपासून शिक्षकांच्या वेतनापर्यंत बरेच काही आज पासवर्डच्या कुलपामागे आहे. ते कुलूप वहीत ठेवायचे की अ‍ॅपमध्ये, हे पुष्कळदा एखाद्या बटणाच्या जागेवरून ठरते.

अशी अ‍ॅपे दोन कामे करतात. पहिले सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक खात्यासाठी वेगळा व लांबलचक पासवर्ड तयार करून ती तो कूटबद्ध रूपात जपतात. आपण लक्षात ठेवायचा तो फक्त एक मुख्य पासवर्ड. दुसरे काम कमी जणांना माहीत असते. आपण उघडलेल्या संकेतस्थळाचा पत्ता नोंदवलेल्या पत्त्याशी जुळतो का, हे अ‍ॅप ताडून पाहते. एखाद्या भामट्याने बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल केली, तर माणसाचा डोळा फसतो. पत्त्यातील एक अक्षर वेगळे असले तरी अ‍ॅप मात्र तेथे पासवर्ड आपणहून पुढे करीत नाही.

आता रूपबदलाचे एक उदाहरण पाहू. बिटवॉर्डन या अ‍ॅपच्या ब्राउझरमधील आवृत्तीला डिसेंबर 2024 मध्ये नवे रूप देण्यात आले. पूर्वी खात्याच्या ओळीवर टिचकी मारली की पासवर्ड पानावर भरला जाई. नव्या मांडणीत त्याच टिचकीने खात्याचा तपशील उघडू लागला आणि भरण्यासाठी वेगळे छोटे बटण आले. अनेक वापरकर्त्यांनी नाराजी कळवली. पुढे, ओळीवर टिचकी मारूनच पासवर्ड भरण्याची सोय पर्याय म्हणून परत देण्यात आली.

येथे रंग व गोलाई या गोष्टी गौण आहेत. ज्या हालचालीचा अर्थ 'भर' असा होता, तिचा अर्थ 'दाखव' असा झाला, हे खरे दुखणे. सवयीची हालचाल फसली की माणूस आडवाट शोधतो. पासवर्डची नक्कल करून तो स्वतःच पानावर चिकटवतो. काम होते, पण पत्ता ताडून पाहण्याची पायरी गळून जाते. म्हणजे वरवर दिसण्यातला बदल सुरक्षिततेपर्यंत पोचतो.

मराठी टंकलेखन शिकलेल्यांना हे नवे नाही. रेमिंग्टन पद्धतीच्या कळांवर बसलेला हात 1986 मध्ये प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्टकडे वळताना अडखळतो. अक्षरांचे वळण बदलले तर टंकलेखकाची गती फारशी कमी होत नाही. कळांच्या जागा बदलल्या की तो पुन्हा पहिल्या धड्यावर येतो. तरीही इन्स्क्रिप्टचा बदल सार्थ होता, कारण एकाच मांडणीवर अनेक भारतीय लिप्या लिहिता येऊ लागल्या. बदल वाईट नसतो. शिकण्याच्या श्रमाचे मोल वापरणाऱ्याच्या पदरात पडले पाहिजे, एवढेच.

मग चांगले रूप कोणते? 2006 मध्ये कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी पासवर्डविषयक दोन साधने 26 जणांना वापरायला देऊन पाहिली. आपला पासवर्ड सुरक्षित झाला, असे काहींना वाटले. प्रत्यक्षात तो झालेला नव्हता. आत काय घडते आहे, हे पडद्याने सांगितलेच नव्हते.

दुसरा दाखला लास्टपासचा. 2022 मध्ये त्याच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. शिवाय मुख्य पासवर्डवर करायच्या गणिती फेऱ्या काही जुन्या खात्यांत नव्या खात्यांपेक्षा फारच कमी राहिल्या होत्या. फेऱ्या जितक्या कमी, तितका पासवर्ड अंदाजाने हुडकणे चोराला सोपे. नेहमीच्या पडद्यावर याची सूचना ठळकपणे हवी होती. अशी सूचना देणारा रूपबदल आम्ही आनंदाने स्वीकारला असता.

आमचा निष्कर्ष असा. रंगरंगोटीने वापरणाऱ्याचे फार बिघडत नाही आणि फार सुधारतही नाही. नेहमीच्या हालचालीची जागा बदलली, तर निदान काही काळ जुनी रीत चालू ठेवावी आणि बदलाची सूचना आधी द्यावी. जे धोके दिसत नाहीत ते दाखवणे, हेच नव्या रूपाचे पहिले काम असावे. या कसोटीवर बाईंची तक्रार रास्त ठरते. वहीकडे परतणे मात्र आम्हांस पटत नाही. नवे बटण शिकण्यात एक दिवस गेला तरी तो सत्कारणी लागेल.

वर्गात हे पडताळून पाहता येईल. कागदावर फोनसारखी अंकपाटी काढा, 1-2-3 वरच्या ओळीत. मुलांना तिच्यावर एकच दहा अंकी संख्या दहा वेळा बोटाने 'दाबायला' सांगा. मग दोन नव्या पाट्या द्या. एकीचे फक्त रंग वेगळे. दुसरीत गणकयंत्राप्रमाणे 7-8-9 वरच्या ओळीत. अर्ध्या मुलांना आधी रंगीत पाटी द्या, अर्ध्यांना आधी दुसरी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच पाटीला मिळणार नाही. प्रत्येक वेळी लागलेले सेकंद व झालेल्या चुका फळ्यावर मांडा. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच देतील.